किशोरवय आणि पैसा

किशोरवयीन मुलामुलींच्या हाती पैसा कोठून येतो, तो ते कसा खर्च करतात, कसा राखतात आणि त्याविषयी त्यांच्या मनात कोणत्या समजुती रुजतात, हा अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांच्या समाईक अभ्यासाचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयाला किशोरवय मानते. भारतीय कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती अज्ञान समजली जाते. त्यामुळे किशोरवयाचा बहुतेक काळ मूल पैसा वापरत असते, परंतु कायद्याच्या दृष्टीने करार करण्यास पात्र नसते. या विषयातील अनेक प्रश्न या विसंगतीतून उद्भवतात.

मुलांची पैशाविषयीची वृत्ती घरातील पैशाच्या येण्याजाण्याशी जोडलेली असते, असे आर्थिक समाजीकरणाचे अभ्यासक मानतात. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा परिसर हे या दृष्टीने लक्षणीय उदाहरण आहे. मीठ, भात व मासळी यांचा हंगामी पैसा, जमिनीच्या मोबदल्याचा एकरकमी पैसा आणि बंदरावरील नोकरीचा मासिक पगार असे तीन वेगळ्या स्वभावांचे पैसे येथे दोन-तीन पिढ्यांच्या काळात, पुष्कळदा एकाच घरात आले.

शब्द आणि संकल्पना

मराठी घरांत मुलांच्या हाती येणाऱ्या पैशाला एकच नाव नाही. तो कोणी दिला आणि कशासाठी दिला यावरून त्याचे नाव ठरते. शाळेत जाताना मिळणारे ते खाऊचे पैसे, परीक्षेत यश मिळाल्यावर मिळते ते बक्षीस, भाऊबीजेच्या तबकात पडते ती ओवाळणी आणि ठरावीक मुदतीने मिळतो तो हातखर्च अथवा पॉकेटमनी. घरी आलेला पाहुणा निघताना मुलाच्या हातावर नोट ठेवतो, तेव्हा मूल आधी आईकडे पाहते. ती नोट घ्यावी की नाही आणि घेतल्यास कोणाच्या स्वाधीन करावी, हे त्या नजरेतून ठरते. भाऊबीजेला शाळकरी भाऊ बहिणीला जी ओवाळणी घालतो, ती बहुधा वडिलांनी आयत्या वेळी त्याच्या हाती दिलेली असते. हातून पैसा जातो, परंतु तो आपला नसतो, असा हा व्यवहार असतो.

पैशाला असे वेगवेगळे अर्थ चिकटतात, हा विचार अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलिझर यांनी ‘द सोशल मीनिंग ऑफ मनी’ (१९९४) या ग्रंथात विस्ताराने मांडला. अर्थशास्त्राच्या हिशेबी एक रुपया दुसऱ्या रुपयासारखाच असला, तरी माणसे पगाराचा, भेटीचा आणि वारशाचा रुपया वेगवेगळ्या खणांत ठेवतात व वेगवेगळ्या कारणांसाठी खर्च करतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘प्राइसिंग द प्राइसलेस चाइल्ड’ (१९८५) या आधीच्या ग्रंथात त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कमावते मूल हळूहळू केवळ मायेचा विषय कसे झाले, हे दाखवले होते. मूल कमावते राहिले नाही, तेव्हा त्याच्या हाती येणारा पैसा मिळकतीऐवजी देणगी ठरला. शहरी आणि निमशहरी महाराष्ट्रातील अनेक घरांतही असा बदल झालेला दिसतो.

मानसशास्त्रीय बाजू

तात्काळ सुख पुढे ढकलण्याची क्षमता हा या विषयातील जुना प्रश्न आहे. वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठात लहान मुलांवर केलेले प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहेत. समोरची मिठाई लगेच न खाता थोडा वेळ थांबल्यास दुप्पट मिळेल, असे मुलांना सांगण्यात येई. जी मुले अधिक काळ थांबली ती पुढे अभ्यासातही सरस ठरली, असे नंतरच्या पाहणीत आढळले आणि त्यावरून संयम हा यशाचा पाया असल्याचा समज रूढ झाला.

पुढील संशोधनाने हा समज बराच सौम्य केला. सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना आधी दिलेले वचन मोडण्यात आले आणि काहींच्या बाबतीत ते पाळण्यात आले. ज्यांना वचनभंगाचा अनुभव आला होता, ती मुले मिठाईसाठी फारशी थांबली नाहीत. टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि होआनन क्वान यांनी २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून दाखवले, की घरची परिस्थिती लक्षात घेतली असता थांबण्याचा आणि पुढील यशाचा संबंध पुष्कळच क्षीण होतो. थांबणे हा गुण जितका स्वभावाचा, तितकाच देणाऱ्यावरील विश्वासाचा असतो, असा या संशोधनाचा अर्थ लावला जातो.

किशोरवयात यात मित्रमंडळींची भर पडते. आपण कोणत्या गटातले आहोत हे दाखवण्यासाठी बूट, मोबाईल, केशरचना, दुचाकी अशा दिसणाऱ्या वस्तूंना महत्त्व येते. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये श्रीमंत वर्गासंबंधी मांडलेली दिखाऊ उपभोगाची कल्पना या वयातील खर्चालाही लावली जाते. मात्र असा खर्च प्रौढांच्या समाजातही रूढ असतो, ही गोष्ट मुलांच्या उधळपट्टीची चर्चा करताना पुष्कळदा नजरेआड होते.

कायदेशीर स्थान

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक असल्याचे ठरवले. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कर्ज घेतले तरी ते कायद्याने त्याच्यावर बंधनकारक होत नाही. कलम ६८ नुसार त्याला पुरवलेल्या जीवनावश्यक वस्तूंची किंमत त्याच्या मालमत्तेतून वसूल करता येते. व्यक्तिशः तो जबाबदार ठरत नाही. व्यवहारात मात्र मोबाईलचा हप्ता थोरल्या भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर घेतला जातो आणि वस्तू मुलाची, देणे मात्र घराचे अशी विभागणी होते.

बँकेत पैसे ठेवण्याच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ मे २०१४ रोजी दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या नावे बचत खाते उघडण्याची व ते स्वतः चालवण्याची मुभा बँकांना दिली. २१ एप्रिल २०२५ रोजी यासंबंधीच्या सूचना सुधारून एकत्रित करण्यात आल्या. रकमेच्या मर्यादा बँकेने आपल्या धोरणानुसार ठरवायच्या असून अज्ञानाच्या खात्यात शिल्लक शून्याखाली जाऊ द्यायची नाही, असे त्यांत नमूद आहे. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बचत खाते चालवता येते.

मुलांच्या पैशाचा पालक कोण, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा निवाडा याच संदर्भातला आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये न्यायालयाने पालकत्वाच्या कायद्याचा अर्थ लावताना, वडिलांच्या हयातीतही विशिष्ट परिस्थितीत आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा निर्णय दिला.

आयकराच्या नियमांत देणगीचा आणि कष्टाचा पैसा यांतील भेद स्पष्ट आहे. अज्ञान मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवले जाते. मात्र मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कौशल्याने मिळवलेले उत्पन्न त्याचे स्वतःचे मानले जाते. कामाच्या बाबतीत १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. शाळेची वेळ सांभाळून घरच्या बिनधोक व्यवसायात केलेली मदत त्यास अपवाद आहे. १४ ते १८ या वयातील मुलांना धोक्याच्या उद्योगांत काम करता येत नाही.

शाळा आणि बचत

महाराष्ट्रात शाळेतून अर्थव्यवहार शिकवण्याची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला व्यावहारिक रूप दिले. वसतिगृहातील विद्यार्थी शेतात, बांधकामावर आणि स्वयंपाकघरात श्रम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलत. फी माफ होणे आणि फी आपल्या श्रमाने फेडणे यांत विद्यार्थ्याच्या स्वाभिमानाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, ही त्यामागील धारणा होती. उरण तालुक्यातील फुंडे येथील वीर वाजेकर महाविद्यालय याच संस्थेचे आहे.

‘संचयिका’ ही शालेय बचत बँकेची योजना एका पिढीच्या स्मरणात आहे. राष्ट्रीय बचत चळवळीचा भाग असलेल्या या योजनेत विद्यार्थीच शिक्षकांच्या देखरेखीखाली व्यवस्थापक आणि रोखपाल होत, वर्गमित्रांचे लहानसहान पैसे जमा करून घेत आणि पासबुकात नोंद करीत. जमलेली रक्कम टपाल कार्यालयात किंवा बँकेत भरली जाई. या योजनेत बचतीबरोबरच दुसऱ्याचा पैसा चोख सांभाळण्याचा आणि तो मागताक्षणी परत देण्याचा सराव मुलांना होत असे.

अलीकडे आर्थिक साक्षरता हा शब्द रूढ झाला आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१२ पासून पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ चाचणीत या विषयाचा ऐच्छिक विभाग ठेवला. भारतात राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्र शालेय विद्यार्थ्यांसाठी या विषयाची चाचणी घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे व व्यावसायिकांकडे काम पाहावे, अशी शिफारस आहे.

न्हावा शेवा परिसर

पूर्वस्थिती

न्हावा आणि शेवा ही मुंबई बंदराच्या समोरील किनाऱ्यावरची दोन गावे. पैकी न्हावा पनवेल तालुक्यात, तर शेवा उरण तालुक्यात आहे. या पट्ट्यात आगरी आणि कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. खारजमिनीत पावसाळ्यात भात आणि कोरड्या ऋतूत मिठागरांत मीठ, तसेच खाडीतील व समुद्रातील मासेमारी ही उपजीविकेची साधने होती. हा पैसा ऋतूवर आणि भरती-ओहोटीवर येणारा होता. लहान मुले मिठागरावर, शेताच्या बांधावर आणि मासळी सुकवण्याच्या ओट्यावर आईवडिलांच्या बरोबर असत. त्यामुळे पैसा कशाचा झाला, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नसे.

मासेमारीवर जगणाऱ्या घरांत हे वेळापत्रक आजही जाणवते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. विदर्भ वगळता राज्यातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. वह्या, गणवेश, दप्तर आणि शिकवणीची फी यांचा खर्च येतो तो नौका किनाऱ्याला ओढलेली असते त्याच दिवसांत. मे महिन्यातल्या पैशातून जूनची तरतूद करावी लागते, हा धडा कोळीवाड्यातील मुलांना पुस्तकाविना मिळतो. मासळीची विक्री आणि रोख रकमेचा हिशेब परंपरेने स्त्रियांच्या हाती असल्यामुळे बाजारातील घासाघीस व उधारीची वसुली मुली आईकडूनच शिकत आल्या आहेत.

भूसंपादन आणि मोबदला

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. न्हावा शेवा येथे नवे बंदर उभारण्याचे काम १९८०च्या दशकात सुरू झाले. मोबदल्याच्या दरावरून लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आंदोलक मरण पावले. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व पुढे आले. राज्य शासनाने १९९० मध्ये ते योजनेच्या रूपाने स्वीकारले. बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. जवाहरलाल नेहरू बंदर या नावाने ओळखले जाणारे हे बंदर कंटेनर वाहतुकीत देशात अग्रगण्य असून २०२४–२५ या आर्थिक वर्षात तेथे ७० लाखांहून अधिक प्रमाण कंटेनरांची हाताळणी झाली.

बंदरासाठी जमीन गेलेल्या कुटुंबांना साडेबारा टक्क्यांचा लाभ मिळण्यास आणखी दोन दशकांहून अधिक काळ लागला. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत न्हावा शेवा येथे प्रकल्पग्रस्तांना इरादापत्रे देण्यात आली. प्रत्यक्ष भूखंडांचा प्रश्न त्यानंतरही चर्चेत राहिला. शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांचे हनुमान कोळीवाडा येथे झालेले पुनर्वसनही दीर्घकाळ वादाचा विषय आहे. मासेमारीच्या नुकसानीबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० मच्छीमार कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये देण्याचा आदेश दिला. दर कुटुंबामागे ही रक्कम ५ लाख ८४ हजार रुपये होते. या प्रकरणी पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली.

ज्या घरात जमीन गेली त्या वर्षी मूल जन्मले, त्या घरात भूखंडाची वाट पाहता पाहता ते मूल किशोरवय ओलांडून गेले. वचन पाळले जाईल या विश्वासावर थांबण्याची तयारी अवलंबून असते, हे वर उल्लेखिलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष या परिसराच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरतात. हाती आलेला पैसा आज खर्च करून टाकण्याची घाई हा येथे निव्वळ बेशिस्तीचा भाग मानता येत नाही. पुढे मिळेल म्हणून सांगितलेले लवकर मिळत नाही, हा घरातील थोरांचाच अनुभव आहे.

तीन प्रकारचा पैसा

हंगामाचा पैसा थोडा आणि अनिश्चित असला तरी त्यामागचे श्रम मुलांना दिसतात. पगाराचा पैसा महिन्याच्या महिन्याला येतो, परंतु तो मिळवण्याचे काम बंदराच्या कुंपणाआड, यार्डात, गोदामात किंवा ट्रेलरच्या चालककक्षात होते; मुलांना दिसतो तो रात्रपाळीहून परतलेला बाप आणि बँकेचा संदेश. मोबदल्याचा पैसा एकदाच आणि मोठ्या रकमेने येतो. त्यामागे काम नसते, गेलेली जमीन असते. तो उत्पन्न समजून खर्च करायचा की भांडवल समजून राखायचा, याचा निर्णय घरातील थोर मंडळी घेतात आणि तो निर्णयच मुलांसाठी उदाहरण ठरतो. कोणी त्यातून पक्के घर बांधले, कोणी वाहतुकीसाठी वाहन घेतले, कोणी शिक्षणावर लावला; काही घरांत तो समारंभांत आणि वाटणीच्या वादांत संपला.

समारंभांवरील खर्चाचा प्रश्न या भागात वारंवार चर्चिला जातो. लग्नाच्या आदल्या रात्रीचा हळदीचा कार्यक्रम मोठा करण्याची प्रथा आहे. जेवणावळी, ध्वनिक्षेपक आणि मद्य यांवरील खर्च आवरावा, असे आवाहन आगरी-कोळी समाजातील कार्यकर्ते आणि संस्था करीत आल्या आहेत. ऋण काढून सण करू नये ही म्हण मुलांना पाठ असते. परंतु हळदीला कमी खर्च केल्यास गावात काय बोलले जाईल, हेही ती मुले ऐकत असतात.

दुचाकीचे आकर्षण या वयात सार्वत्रिक आहे. न्हावा शेवाच्या रस्त्यांवर अवजड कंटेनर वाहनांची सततची ये-जा असल्याने येथे हा प्रश्न पैशापुरता राहत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार गिअरच्या दुचाकीसाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद केली.

दळणवळणानेही खर्चाचे क्षेत्र विस्तारले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. या मार्गावर न्हावा शेवा नावाचे स्थानक असून नेरूळ आणि सीवूड्स येथील मोठी दुकाने व चित्रपटगृहे तिकिटाच्या थोड्या पैशांत आवाक्यात आली. पूर्वी गावच्या जत्रेपुरता आणि उरणच्या बाजारापुरता असलेला मुलांचा खर्च आता शहराच्या मापाने मोजला जाऊ लागला.

मुली आणि मालमत्ता

पैशाच्या बाबतीत मुलगे आणि मुली यांना मिळणारी मोकळीक अनेक घरांत सारखी नसते. मुलाला हातखर्च मिळतो आणि मुलीला लागेल ते आणून दिले जाते. दोघांवरील खर्च सारखा असला, तरी निर्णय करण्याचा सराव एकालाच मिळतो. २२ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत दहा वर्षांखालील मुलीच्या नावे खाते उघडता येते. दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा १८ वर्षे पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते आणि वयाच्या अठराव्या वर्षांनंतर खाते ती स्वतः चालवते.

न्हावा शेवासारख्या भागात, जेथे जमिनीचे मोल एकाएकी वाढले, तेथे अठरावे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क दिला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा हक्क वडील २००५ साली हयात होते की नाही यावर अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले. मुलगी सज्ञान झाली की तिच्याकडून भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत महाराष्ट्रात आढळते. हक्कसोडपत्र हा नोंदणीकृत दस्त असून तो स्वेच्छेने न झाल्यास त्यास न्यायालयात आव्हान देता येते. अज्ञान मुलाच्या स्वतंत्र स्थावर मालमत्तेची विक्री नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या परवानगीवाचून करता येत नाही. अविभक्त कुटुंबातील हिश्शाला मात्र हा नियम तसाच लागू होत नाही. भाऊबीजेच्या ओवाळणीत वाढलेल्या मुलीला आपल्या सहीची किंमत ठाऊक असणे, हा या वयातील आर्थिक शिक्षणाचा एक गंभीर भाग आहे.

डिजिटल व्यवहार

२०१६ मध्ये यूपीआय ही देयक प्रणाली सुरू झाल्यानंतर नोटा व नाणी हाताळण्याचा अनुभव कमी होत गेला. मातीच्या गल्ल्यात नाणे टाकल्यावर आवाज होतो आणि गल्ला हळूहळू जड होतो. मोबाईलवरील शिल्लक अशी हाताला जाणवत नाही. रोखीपेक्षा कार्डाने किंवा मोबाईलने पैसे देताना खर्चाची टोचणी कमी वाटते, असे ग्राहकवर्तनाच्या अभ्यासातही आढळले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय सर्कल या सुविधेत खातेदार आपल्या विश्वासातील व्यक्तीला महिन्याला १५ हजार रुपयांच्या मर्यादेपर्यंत व्यवहार करण्याची मुभा देऊ शकतो. अशा व्यवहारांची नोंद पालकांना दिसते. रोख पैशाच्या काळात मुलांना असलेला खाजगीपणा त्यामुळे उरत नाही, हीही त्याची दुसरी बाजू आहे.

मोबाईलवरील खेळांतील आभासी नाणी आणि पैसे लावून खेळायचे खेळ यांमुळे मुलांचे नुकसान झाल्याच्या तक्रारी वाढल्या. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा संमत करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना बंदी घातली. त्याआधी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करण्यात आली होती. २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या अननुभवीपणाचा गैरफायदा घेणाऱ्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या.

मतभेद

हातखर्च घरकामाशी जोडावा की नाही, याविषयी पालकांत आणि अभ्यासकांत एकमत नाही. कामाचे दाम मिळाले की श्रमाची किंमत कळते, असे एक पक्ष म्हणतो. घर सर्वांचे असल्याने ताट उचलण्याचे पैसे मागण्याची सवय लागू नये, असे दुसरा पक्ष म्हणतो.

शाळेतील आर्थिक शिक्षणाच्या उपयोगाविषयीही मतांतरे आहेत. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर यांनी २०१४ मध्ये २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आर्थिक वर्तनातील फरकांपैकी जेमतेम ०.१ टक्का भाग अशा शिक्षणाने स्पष्ट होतो, असे त्यांना आढळले. शिकवलेले काळाबरोबर विसरले जाते, म्हणून निर्णयाची वेळ येईल तेव्हाच माहिती द्यावी, असे त्यांनी सुचवले. टिम कायझर व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये यादृच्छिक नियंत्रित प्रयोगांच्या आढाव्यावरून या शिक्षणाचा परिणाम याहून बराच अधिक असल्याचे दाखवले.

घरातील कर्ज, मोबदला आणि अडचणी मुलांना सांगाव्यात का, हा तिसरा मतभेद आहे. मुलांवर चिंतेचे ओझे नको, म्हणून अनेक घरांत ही माहिती झाकली जाते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सावकारी कर्जापायी घराची झालेली ओढाताण मुलाच्या डोळ्यांदेखत घडते आणि आईचे संस्कार त्या ओढाताणीतूनच होतात. घरची खरी स्थिती न कळलेले मूल शेजारच्या घराच्या मापाने मागणी करते, असे सांगणाऱ्यांना हे उदाहरण जवळचे वाटते. न्हावा शेवा परिसरात मोबदल्याचा पैसा किती आला, कोठे गेला आणि किती उरला, हे पुढील पिढीला सांगितले जाते की नाही, यावर उरलेल्या भूखंडांचे काय होईल हेही बऱ्याच अंशी अवलंबून आहे.